चौदाव्या खेळीचा उंट

बुद्धिबळात ओपनिंग म्हणजे पाठांतर, असं एक सरधोपट मत आपल्याकडे चांगलंच रुजलेलं आहे. ज्याला जास्त लाइन्स पाठ, तो सुरुवातीलाच पुढे जातो आणि बाकीचा डाव म्हणजे केवळ वसुली, असा हिशोब त्यामागे असतो. क्लासला मुलं घालणाऱ्या पालकांपासून खेळाकडे लांबून पाहणाऱ्या समंजस वाचकापर्यंत अनेक जण तो मनोमन मान्य करतात. संगणक आल्यापासून तर ‘आता घरी बसून मशीन सांगेल ते घोकायचं आणि पटावर येऊन ओकायचं’ असं म्हणणंही सोपं झालं आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. वरच्या पातळीवर ओपनिंग डाव जिंकून देत नाही, डाव कोणत्या मुलखात खेळला जाणार एवढंच ठरवते. त्या मुलखाची किंमत खेळींच्या गुणवत्तेइतकीच समोर कोण बसलं आहे, त्याला कशाची चीड आहे आणि त्याच्या घड्याळात किती मिनिटं उरली आहेत यावर ठरते. हे तपासायला विश्वनाथन आनंद आणि व्लादिमिर क्रामनिक यांच्यात २००८ साली जर्मनीतल्या बॉनमध्ये झालेल्या जगज्जेतेपदाच्या लढतीतला तिसरा डाव फार उपयोगी पडतो. ‘तयारीने जिंकलेला डाव’ म्हणून तो प्रसिद्ध आहे, आणि नेमकी तयारी त्यात कुठे संपली हे बऱ्यापैकी दाखवता येतं.

आधी क्रामनिकबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ओपनिंगचं शस्त्र कसं वापरतात हे जगाला दाखवलं ते त्यानेच. २००० साली लंडनला त्याच्यासमोर गॅरी कास्पारोव होता. १९८५पासूनचा जगज्जेता, आक्रमणाचा बादशहा, आणि ओपनिंगच्या तयारीत त्याचा हात धरणारा त्या काळी कुणी नव्हता. कास्पारोवने राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकून सुरुवात केली की क्रामनिक काळ्या मोहऱ्यांनी ‘बर्लिन बचाव’ काढायचा. स्पॅनिश ओपनिंगची ही जुनी, जवळजवळ अडगळीत गेलेली शाखा. तिच्यात आठव्या खेळीलाच दोन्ही वजीर पटाबाहेर जातात, काळ्याचा राजा कॅसलिंगचा हक्क गमावतो आणि काळ्याची दोन प्यादी एकाच पट्टीवर एकापुढे एक अडकतात. पुस्तकी हिशोबाने पांढरा किंचित बरा. पण वजिराविना कास्पारोव म्हणजे पाण्याबाहेरचा मासा नव्हे, तरी तळ्याच्या उथळ काठाला आलेला मासा नक्कीच. या बचावाचे चारही डाव बरोबरीत सुटले. पंधरा डावांच्या त्या लढतीत कास्पारोवला एकही डाव जिंकता आला नाही आणि साडेआठ विरुद्ध साडेसहा गुणांनी त्याचं पद गेलं. क्रामनिकने काही जगातली सर्वोत्तम खेळी शोधली नव्हती. कास्पारोवला जिथे बसायला आवडत नाही ती जागा त्याने शोधली आणि त्याला तिथे बसवलं.

आठ वर्षांनी हाच डावपेच त्याच्यावर उलटला. २००७ साली मेक्सिको सिटीतल्या स्पर्धेत आनंद जगज्जेता झाला. क्रामनिक आता आव्हानवीर होता, आणि दोघांत समोरासमोर, जास्तीत जास्त बारा डावांची लढत ठरली. दीर्घ लढतीत क्रामनिक हा अवघड माणूस. पांढऱ्या मोहऱ्यांनी तो वजिरासमोरचं प्यादं पुढे टाकतो, पट हळूहळू आवळतो, धोका न पत्करता जराशी आघाडी मिळवतो आणि मग तासन् तास पिळत राहतो. त्याच्याशी शांतपणे खेळलात तर बरोबरी मिळेलही, पण ती बरोबरी भीक मागितल्यासारखी असते. आनंद आणि त्याचे सहाय्यक डेन्मार्कचा पीटर हायने नील्सन, उझबेकिस्तानचा रुस्तम कासिमझानोव, पोलंडचा रादोस्लाव वोयताशेक आणि कोलकात्याचा सूर्यशेखर गांगुली यांनी जे ठरवलं ते पटावर दिसलं. क्रामनिकला आवळायला पटच द्यायचा नाही. ज्या डावात दोन्ही राजे उघडे पडतात, प्यादी मोडतात, प्रत्येक खेळीला मोजदाद करावी लागते, तिथे त्याला ओढायचं. शिवाय तोवर मुख्यतः राजासमोरचं प्यादं पुढे टाकणाऱ्या आनंदने पांढऱ्या मोहऱ्यांनीही जवळजवळ लढतभर वजिरासमोरचं प्यादं वापरलं. क्रामनिकच्या चमूने आनंदच्या नेहमीच्या सुरुवातीवर जी मेहनत केली असेल तिचा मोठा भाग त्या एका निर्णयाने निकामी झाला. हा सगळा हिशोब माणसाचा आहे, खेळीचा नाही.

१७ ऑक्टोबरला तिसऱ्या डावात क्रामनिक पांढऱ्या मोहऱ्यांनी बसला. आनंदने निवडली ती ‘मेरान’ नावाची शाखा. इटलीच्या उत्तर भागातल्या मेरानो गावी १९२४ साली झालेल्या स्पर्धेत अकिबा रुबिनस्टाइनने ग्रुनफेल्डविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी हा प्रकार खेळून डाव जिंकला, तेव्हापासूनचं हे नाव. त्यातली कल्पना साधी सांगता येते. काळा आधी डी-५ वर प्यादं ठेवतो आणि त्याला सी-६ व ई-६ अशा दोन्ही बाजूंनी टेकू देतो. भिंत पक्की होते, पण वजिराच्या बाजूचा उंट त्या भिंतीमागे कोंडला जातो. या ओपनिंगची ही सनातन तक्रार. मग काळा डी-५चं प्यादं सी-४ वरच्या प्याद्याला मारून सोडून देतो, पांढऱ्याचा उंट ते परत घेतो, आणि काळा बी-५ म्हणत त्या उंटाला हुसकावतो. वेळ मिळाली, जागा मिळाली, आणि कोंडलेल्या उंटाला बी-७ वरून तिरपी वाट दिसू लागली. पुढे दोघं मध्यावर भिडतात. बॉनमध्ये क्रामनिकने सगळ्यात तिखट फाटा घेतला, ज्यात पांढरा घोडा अकराव्या खेळीला बी-५चं प्यादं मारतो, काळा त्याला मारतो, आणि पांढरं प्यादं काळ्याचा घोडा खातं. धूळ खाली बसली की पांढऱ्याकडे ए आणि बी पट्टीवर दोन प्यादी उरतात, त्यांना अडवणारं काळ्याचं फक्त बी-५चं प्यादं. काळ्याकडे मध्यात प्याद्यांची गर्दी असते आणि त्याची जी पट्टी सताड उघडी असते. राजा मात्र अजून ई-८ वरच, कॅसलिंगशिवाय. कुणाची बाजू बरी हे नुसतं पाहून सांगता येत नाही, आणि आनंदला तेच हवं होतं.

तेराव्या खेळीला पांढऱ्याने कॅसलिंग केलं, काळ्याचा वजीर बी-६ वर आला, पांढऱ्याचा ई-२ वर. आता बी-५ वरच्या काळ्या प्याद्यावर हल्ला होता. रूढ उत्तर असं की उंट ए-६ वर नेऊन प्यादं सांभाळायचं. आनंदने चौदावी खेळी केली ती उंट बी-७. क्वचितच कुणी खेळलेली ही खेळी. तिचा अर्थ असा की प्यादं घ्या. पांढऱ्याने ते घेतलं तरी प्याद्यांची संख्या समसमान होते, पण आता बी-७चा उंट लांब तिरप्या रेषेवरून थेट पांढऱ्या राजासमोरच्या जी-२ या घरावर रोखलेला असतो, आणि उघड्या जी पट्टीवर काळा हत्ती यायचा असतो. क्रामनिकने प्यादं घेतलं. आनंदने दुसरा उंट डी-६ वर मांडला, मग हत्ती जी-८ वर, तो पुढे जी-४ पर्यंत. क्रामनिक चिडीचूप बसणारा नव्हता. त्याने अठराव्या खेळीला उंट एफ-४ वर टाकला, घोड्याने डी-४चं प्यादं उचललं, मग तोच घोडा ई-६ वर बळी देऊन हत्ती थेट डी-७ वर घुसवला. चोविसाव्या खेळीला मारामारी थांबली तेव्हा पांढऱ्याकडे पाच प्यादी होती, काळ्याकडे तीन. दोन्हीकडे एक वजीर, एक हत्ती, एक उंट. कागदावर पांढरा दोन प्याद्यांनी पुढे. पण त्याच्या राजासमोरची कुंपणं मोडलेली, आणि आनंदचा राजा शांतपणे एच-६ वर जाऊन बसला, जणू काही संकट टळलंच आहे.

इथून पुढे डाव दोन शर्यतींचा झाला. क्रामनिकने ए पट्टीवरचं मोकळं प्यादं पळवायला घेतलं. काळा हत्ती जी-८ वर आला आणि बी-७चा उंट खाली उतरून जी-२ वर शह देत एच-३ वर गेला. एकोणतिसाव्या खेळीला क्रामनिकने हत्ती ए-३ वर नेला. तो डी-१ वर आणला असता तर डाव सांभाळण्याची आशा होती, पण ए-३ वर गेलेला हत्ती राजापासून दूर राहिला आणि त्याच्या राजाला पहिल्या रांगेवर कुणी वाली उरला नाही. हत्तीचा शह, वजिराचा शह, उंटाचा शह, राजा वजिराच्या बाजूला पळतोय, आणि त्या सगळ्या धावपळीत प्यादं ए-५, ए-६ असं सरकतंय. दोघांकडेही वेळ फारसा नव्हता. त्या काळच्या नियमाने पहिल्या ४० खेळ्यांना दोन तास मिळत, आणि दोघांचेही तास या गुंत्यात वितळून गेले होते. प्यादं एकोणचाळिसाव्या खेळीला ए-७ वर पोचलं. आणखी एक घर, आणि पांढऱ्याला नवा वजीर मिळाला असता. तो मिळण्याआधीच आनंदच्या वजिराने शहांची सरबत्ती सुरू केली, आणि एकेचाळिसाव्या खेळीला उंटाने बी-१ वर शह दिला. क्रामनिकने हार मानली. हा शेवटचा शह देणारा उंट तोच, चौदाव्या खेळीला बी-७ वर बसवलेला, आणि ओपनिंगच्या सुरुवातीला भिंतीमागे कोंडलेला.

आता आक्षेपाकडे येऊ. पहिला आक्षेप सरळ आहे: मग हे तयारीचंच यश नाही का? आनंदकडे चौदावी खेळी घरची होती, क्रामनिककडे तिचं उत्तर घरचं नव्हतं, म्हणून तो हरला. यात अर्धं खरं आहे. क्रामनिक अनोळखी जागी आला आणि त्याचा वेळ गेला, हे बरोबर. पण तयारीने आनंदला जिंकलेला डाव मिळाला नव्हता. चौदाव्या खेळीनंतर पंधरा खेळ्या पांढऱ्या बाजूला खेळण्यासारखं भरपूर होतं. क्रामनिकने ज्या धाडसाने उंट, घोडा झोकून दिले ते पाहता तो गोंधळलाही नव्हता. डाव पालटला तो एकोणतिसाव्या खेळीला, कुणाच्याही घरच्या वहीबाहेर, आणि घड्याळाच्या दडपणाखाली. तयारीने काय दिलं तर क्रामनिकला पुनःपुन्हा अशा प्रश्नांसमोर उभं केलं, ज्यांची उत्तरं त्याला स्वतःच शोधावी लागत होती, आणि ज्यात एक चूक महाग पडते. हे देणं थोडं नाही, पण ते जिंकण्यासारखं नाही.

दुसरा पुरावा तीन दिवसांनी आला, २० ऑक्टोबरच्या पाचव्या डावात. क्रामनिकने पुन्हा तोच फाटा घेतला. तयारीच निकाल ठरवते असं मानणाऱ्याला इथे क्रामनिकचा विजय अपेक्षित असायला हवा, कारण यावेळी बी-७चा उंट त्याला ठाऊक होता आणि त्याच्या चमूने मधल्या वेळात त्यावर घाम गाळला असणार, हे धरून चालायला हरकत नाही. आनंदने पंधराव्या खेळीला क्रम बदलला. आधी उंट डी-६ वर न नेता त्याने हत्ती जी-८ वर नेला. बस्स एवढाच बदल, पण डाव पुन्हा पुस्तकाबाहेर. तरीही एकोणतिसाव्या खेळीपर्यंत तोल फार बिघडलेला नव्हता. तिथे क्रामनिकने घोड्याने डी-४ वरचं प्यादं मारलं. त्याने पुढची साखळी मोजली होती. काळ्याचा वजीर घोडा खाईल, पांढरा हत्ती डी-१ वर येऊन वजिरावर हल्ला करेल, काळा घोडा मागे येऊन पांढऱ्या वजिरावर, वजिरांची अदलाबदल, मग हत्ती सातव्या रांगेवर शह देत बी-७चा उंट मारेल. हिशोबात पांढऱ्याचा फायदा. पण त्या साखळीच्या टोकाला आनंदने हत्तीने सी-१ वर शह दिला, पांढऱ्याला उंट एफ-१ वर आडवा घालावा लागला, आणि चौतिसाव्या खेळीला काळा घोडा ई-३ वर बळी पडायला आला. प्याद्याने तो मारला की काळं प्यादं ई-३ वर येतं आणि पुढच्या घराला त्याला थांबवणारं काही नाही, कारण पांढऱ्याचा एफ-१चा उंट राजासमोर जखडलेला. प्यादं ई-३ वर येताच क्रामनिकने पस्तिसाव्या खेळीनंतर हार मानली. डाव चुकला तो पाच खेळ्या पुढची एक उडी न दिसल्यामुळे. ती उडी कुणाच्या घरच्या फाइलमध्ये नव्हती. मात्र ती उडी जिथे संभवते अशा पटावर क्रामनिकला आनंदच्या निवडीनेच आणून बसवलं होतं, एवढं म्हणणं पुरेसं आहे.

याचा उलटा दाखला शंभर वर्षांपूर्वीचा आहे. १९१८ साली न्यूयॉर्कमध्ये फ्रँक मार्शलने कापाब्लांकाविरुद्ध स्पॅनिश ओपनिंगमध्ये एक प्यादं देऊन राजावर धावून जाणारा नवा डाव काढला, जो आज ‘मार्शल हल्ला’ म्हणून ओळखला जातो. मार्शलने तो वर्षानुवर्षं कापाब्लांकासाठीच लपवून ठेवला होता, अशी दंतकथा आहे. इतिहासकार ती खरी मानत नाहीत, तरी ती इतकी रंगतदार आहे की पुस्तकांतून हटत नाही. खरी गोष्ट यापेक्षा बोधक आहे. कापाब्लांकाने तो हल्ला त्यापूर्वी अभ्यासला नव्हता, पटावर बसूनच एकामागून एक बचाव शोधला आणि ३६ खेळ्यांत डाव जिंकला. गंमत अशी की मार्शलची ती कल्पना पोकळ नव्हती. आजही वरच्या पातळीवर काळ्या बाजूने ती विश्वासाने खेळली जाते, आणि अनेक पांढरे खेळाडू ती टाळण्यासाठी आठव्या खेळीलाच वेगळी वाट धरतात. म्हणजे ओपनिंग उत्तम, तयारी जय्यत, आश्चर्य पूर्ण, आणि निकाल उलटा. कारण समोर कापाब्लांका होता, आणि संकटात पडलेल्या राजाला शांतपणे वाचवणं ही त्याची खासियत. मार्शलने चुकीच्या माणसाला योग्य प्रश्न विचारला.

पण माझ्याच म्हणण्याला मी इथवर एकांगी पुरावे गोळा केले, असा ठपका येऊ नये म्हणून एक डाव सांगायलाच हवा जो तयारीच्या बाजूने बोलतो. २०१३च्या जानेवारीत नेदरलँड्समधल्या वाइक आन झी येथे लेव्हॉन अरोनियनविरुद्ध आनंद पुन्हा मेरानच खेळला. अरोनियनचा घोडा एच-७ वर प्यादं खायला शिरला, आणि आनंदचे मोहरे एकापाठोपाठ एक मारायला दिले गेले, उंट सी-५ वर, घोडा ई-५ वर, दोन्ही पांढऱ्या राजाकडे तोंड करून. डाव अवघ्या २३ खेळ्यांत संपला. अनेकांना यात १९०७ साली वूजमध्ये रुबिनस्टाइनने जिंकलेला अमर डाव आठवला, आणि ती तुलना वावगी नाही. या कल्पनेची बीजं आनंदच्या २०१२च्या मॉस्कोमधल्या गेल्फंडविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीच्या तयारीत होती. म्हणजे निर्णायक घाव खरोखर घरून आला होता. इथे पाठांतरानेच डाव जिंकला, हे मान्य. पण त्यातही एक खाच आहे. ज्या माणसासाठी ती कल्पना घडवली होती त्याने ती कधी समोर येऊच दिली नाही, आणि ती फुटली भलत्यावरच. तयारी हे भांडवल आहे, आणि त्याचं व्याज कोण देणार हे तुम्ही ठरवू शकत नाही. अशा डावांची संख्या मोजली तर, वरच्या पातळीवर, ते थोडेच निघतील. ते लक्षात राहतात म्हणून जास्त वाटतात.

सर्वांत गंभीर आक्षेप संगणकाचा. आज कुणाही ग्रँडमास्टरच्या लॅपटॉपवरचं इंजिन जगज्जेत्यापेक्षा कितीतरी बलवान आहे. दोन्ही बाजूंना बरोबरीचा मार्ग घरी बसून सापडतो आणि पटावर फक्त आठवण्याची शर्यत उरते, असं हे म्हणणं. त्यासाठी पुरावाही भक्कम आहे. २०१८ साली लंडनमध्ये कार्लसन आणि कारुआना यांच्यातले बाराही पारंपरिक डाव बरोबरीत सुटले आणि पद जलद डावांवर ठरलं. ज्या बर्लिनने क्रामनिकला जगज्जेता केलं, त्याच्यातल्या काही फाट्यांत आता दोघंही वीस खेळ्या न विचार करता खेळून तीच तीच स्थिती पुन्हा आणतात आणि हात मिळवतात. याच कंटाळ्यापोटी बॉबी फिशरने १९९६ साली ब्युनोस आयर्समध्ये मागच्या रांगेतले मोहरे चिठ्ठ्या टाकून मांडण्याचा प्रकार मांडला. त्यात ९६० वेगवेगळ्या सुरुवाती संभवतात आणि कुणाचंच पाठांतर चालत नाही. कार्लसनने अलीकडे याच प्रकाराला मोठा पाठिंबा दिला आहे. या तक्रारीत तथ्य आहे, आणि बर्लिनचं भवितव्य माझ्या मुद्द्याला पुष्टीच देतं. तीच खेळ्यांची मालिका २००० साली शस्त्र होती आणि वीस वर्षांत तहाचा पांढरा झेंडा झाली. मालिका बदलली नाही. समोरची माणसं बदलली, कारण आता ती सगळ्यांनाच ठाऊक होती.

पण दोघांच्याही लॅपटॉपवर तेच इंजिन असेल तर दुसरी एक गोष्ट घडते. सर्वोत्तम खेळीची किंमत उतरते आणि अनपेक्षित खेळीची वाढते. सिंगापूरमधली २०२४ची गुकेश आणि डिंग लिरेन यांची लढत याचा ताजा नमुना. पहिल्या डावात डिंगने वरच्या पातळीवर कमी दिसणारा फ्रेंच बचाव काढला. सुरुवातीला त्यानेच खूप वेळ घालवला, गुकेश घड्याळावर पुढे होता, तयारीही त्याचीच चांगली दिसत होती. डाव डिंगने जिंकला. पुढे चौदाव्या आणि शेवटच्या डावात ओपनिंगमधून दोघांपैकी कुणालाही फारसं काही मिळालं नाही. शेवटी पंचावन्नाव्या खेळीला डिंगने हत्ती एफ-२ वर नेला, मोहऱ्यांची सक्तीची अदलाबदल झाली आणि गुकेशला जगज्जेतेपद मिळालं. त्या खेळीत काय अवघड होतं, हे अठरा वर्षांचा पोरगा आणि दमलेला तेव्हाचा जगज्जेता या दोघांतल्या थकव्याच्या फरकातून समजून घ्यावं लागतं. कुठलंही इंजिन ते सांगणार नाही. पाठांतर आहे तिथे आहे, पण ते लढाईच्या तंबूत आहे, रणात नाही.

बॉनमध्येही हे शेवटच्या डावात सगळ्यात स्पष्ट दिसलं. सहाव्या डावात आनंदने निमझो-इंडियन बचावाविरुद्ध पांढऱ्या मोहऱ्यांनी, नवव्या खेळीला एच-३ असं एक प्यादं एक घर सरकवून, आणखी एक गुण मिळवला होता. दहावा क्रामनिकने जिंकला. अकराव्या डावाआधी आनंदकडे सहा गुण, क्रामनिककडे चार, आणि क्रामनिकला उरलेले दोन्ही डाव जिंकायचे होते. आनंदने आता लढतीत पहिल्यांदाच राजासमोरचं प्यादं टाकलं. क्रामनिकच्या हाती त्याचा प्रिय, दणकट, आयुष्यभराचा बर्लिन होता. पण बर्लिनमध्ये बरोबरी मिळते, आणि बरोबरी त्याला नको होती. त्याने सिसिलियनमधली नायडॉर्फ निवडली, जी तो एरवी फारशी खेळत नसे. निवड खेळीच्या गुणावर झाली नाही, गुणफलकावर झाली. आनंदनेही आठव्या खेळीला उंटाने घोडा मारून गुंता कमी करायला घेतला, कारण त्याला बरोबरी पुरेशी होती. चोवीस खेळ्यांत हस्तांदोलन झालं. साडेसहा विरुद्ध साडेचार. बारावा डाव खेळावाच लागला नाही. आणि दोन वर्षांनी सोफियाला तोपालोवविरुद्ध पद राखताना आनंदला पडद्यामागून ज्यांनी मदत केली, त्यांत क्रामनिकही होता.